टीएस जातीचं ओव्हरड्राइव्ह: काय बदललं, काय परत काढलं

बाकावर आहे ते ट्यूब स्क्रीमर (टीएस) या गिटारचा आवाज फाडणाऱ्या ओव्हरड्राइव्ह पेडलच्या सर्किटचं स्वस्तातलं क्लोन, म्हणजे नक्कल. बोर्ड एकाच बाजूला तांबं असलेला, भाग थ्रू-होल (पाय भोकातून घालून जोडायचे), चिप सॉकेटात. तक्रारी दोन. खालच्या तारा वाजवल्या की आवाज नाकात बोलल्यासारखा पातळ येतो आणि ड्राइव्ह शून्यावर नेला तरी फाटणं थांबत नाही. आजवर चार बदल केले. दोन राहिले, दोन परत काढले. मॉड (सर्किटात फेरफार) करणं परवडतं का, याचं उत्तर त्या हिशेबातच आहे: एखादी नेमकी गोष्ट बदलायची असेल तर परवडतं, आणि ‘आवाज भारी करायचाय’ एवढंच मनात असेल तर पैसे आणि बोर्ड दोन्ही जातात.

बोर्ड उघडण्याआधी एक तपासणी करून घ्यावी, कारण पेडल दुरुस्तीला आणणारे निम्मे लोक दोष भलतीकडचेच घेऊन येतात. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात आणि गणपतीच्या मंडपात गिटार बऱ्याचदा अँपमध्ये जातच नाही, पेडलमधून थेट मिक्सरला जाते. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर उतरायला लागतो. पीएच्या (कार्यक्रमाच्या मोठ्या स्पीकरच्या) टॉपमधला हॉर्न मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत इमानाने वाजतो. त्यामुळे डिस्टॉर्शनची जी करकर स्पीकरच्या कागदात मुरते, ती तिथे जशीच्या तशी बाहेर पडते. मिक्सरचा ‘हाय’ नॉब पाडूनही ती जात नाही, कारण छोट्या मिक्सरवर तो नॉब १०-१२ किलोहर्ट्झच्या आसपास काम करतो आणि कानाला टोचतं ते ३ ते ८ च्या पट्ट्यात असतं. याला औषध म्हणजे शेवटी कॅबिनेट सिम्युलेटर (अँपच्या स्पीकरची नक्कल करणारा), नाहीतर मल्टिइफेक्टमधला नुसता कॅबिनेटचा पॅच. पेडलमधला एकही कपॅसिटर बदलून हे सुटणार नाही. आपलं पेडल अँपवर ऐकलं, पातळपणा तिथेही होता, म्हणून काम पुढे नेलं.

पहिला बदल बासचा. या सर्किटमध्ये चिपच्या उलट्या इनपुटवरून (पिन २) ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जातात. दोघं मिळून ७२० हर्ट्झवर हद्द आखतात. तिच्या वरच्या सुरांना पूर्ण गेन (वाढ), खालच्यांना उतरता. पूर्ण ड्राइव्हला फीडबॅकमध्ये, म्हणजे चिपच्या आउटपुटवरून उलट्या इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत, ५५१ किलोओहम असतात; गेन १ + (५५१ ÷ ४.७) म्हणजे ११८ पट होतो, पण सहाव्या तारेचा ८२ हर्ट्झचा मूळ सूर जेमतेम १३ पट वाढतो. पातळपणा येतो तो इथून. हा दोष नाही, मुद्दाम केलेली रचना आहे. बास आधी कमी केला नाही तर डायोडमध्ये त्याचा चिखल होतो. प्रश्न फक्त किती कमी करायचा, एवढाच.

कपॅसिटर ०.०६८ केला की हद्द ४९८ हर्ट्झवर येते आणि तोच सूर १९ पट वाढतो. ०.१ केला तर हद्द ३३९ आणि वाढ २८ पट. दोन्ही लावून ऐकले. सिंगल कॉइलच्या ब्रिज पिकअपला ०.१ छान बसतो. हंबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) मात्र पॉवर कॉर्डच्या खालच्या दोन तारा एकमेकींत विरघळतात आणि पाम म्यूट केल्यावर (तळहाताने तारा दाबून वाजवल्यावर) ‘धप्प’ एवढंच उरतं. ०.०६८ ठेवला.

इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे कपॅसिटरवरचा कोड वाचण्यातली. ४७३ म्हणजे ०.०४७, ६८३ म्हणजे ०.०६८, १०४ म्हणजे ०.१. घाईत ४७३ ऐवजी ४७४ लागला तर तो ०.४७ असतो, हद्द ७२ हर्ट्झवर जाऊन बसते आणि पेडल घोंगडीखालून बोलल्यासारखं वाजतं. दुसरी चूक ‘गेन वाढवायचाय’ म्हणून ४.७ किलोओहमच्या जागी २.२ टाकण्याची. गेन २५० पटीपर्यंत जातो खरा, पण कपॅसिटर तोच ठेवला तर हद्द १,५३९ हर्ट्झवर चढते आणि आवाज आधीपेक्षा पातळ होतो. रेझिस्टर २.२ केला तर कपॅसिटर ०.१ करावाच लागतो, तेव्हा कुठे हद्द ७२३ वर परत येते. ही जोडी सुटी बदलायची नसते.

दुसरा बदल डायोडचा, आणि खरी गंमत इथेच आहे. मूळचे दोन सिलिकॉन डायोड फीडबॅकमध्ये उलटसुलट लावलेले असतात, साधारण ०.६ व्होल्टला ते लहर कापतात. ड्राइव्ह शून्यावर असला तरी ५१ किलोओहमचा रेझिस्टर मार्गात राहतोच, म्हणजे गेन किमान ११.८ पट. पिकअपने १०० मिलिव्होल्टचं शिखर दिलं तरी गुणाकार १.२ व्होल्टच्या घरात जातो. म्हणजे डायोड उघडणारच. ‘शून्यावरही फाटतं’ या तक्रारीचा उगम हा.

त्यांच्या जागी ३ मिलिमीटरचे दोन लाल एलईडी लावले. लाल एलईडी १.७ व्होल्टच्या आसपास उघडतो. आता तेच १.२ व्होल्ट न कापता निघून जातात. हलकं वाजवलं की स्वच्छ, जोरात ओढलं की फाटतं. गिटारचा व्हॉल्यूम नॉब कामाला लागला. लहर जास्त उंचीवर कापली जात असल्याने पेडलचा आवाजही ढोबळ ९ डेसिबलने वाढला. लेव्हल नॉब मध्यावर असायचा, तो आता घड्याळातल्या ९ च्या जागी असतो. किंमत मोजावी लागली ती सस्टेनची. लीडमधला लांबणारा, दाबून धरलेला सूर एलईडीवर तितका टिकत नाही. ज्याला तोच हवा आहे त्याने सिलिकॉन ठेवावेत, किंवा एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सिलिकॉन लावावेत. बॉसच्या एसडी-१ पेडलमध्ये हीच विषम मांडणी मुळातून आहे. तिथे एका अंगाला लहर उशिरा कापली जाते आणि आवाजाला थोडा खरखरीत गोडवा येतो.

हाव धरून प्रत्येक बाजूला दोन-दोन एलईडी लावू नयेत. कापण्याची पातळी ३.४ व्होल्टवर जाते आणि ९ व्होल्टवर ४.५ च्या मध्यबिंदूभोवती झुलणारी ही चिप त्याच्या आधीच छताला टेकते. मग कापतात ते डायोड नव्हे, चिप. तो आवाज कोरडा आणि काचेसारखा असतो. दोन्ही एलईडी चुकून एकाच दिशेला लागले तरी अशीच गत होते, फक्त अर्ध्या लहरीची. मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून तपासावं: सरळ दिशेला एलईडी मंद पेटतो.

परत काढलेल्या बदलांबद्दल थोडक्यात. पहिला चिपचा. जेआरसी ४५५८ काढून टीएल०७२ लावली, ऐकली, फरक शोधला, सापडला नाही, परत ४५५८ लावली. कारण साध्या गणिताचं आहे. ५ किलोहर्ट्झची, २ व्होल्ट शिखराची लहर चालवायला चिपला मायक्रोसेकंदाला ०.०६ व्होल्ट वेग पुरतो. ४५५८ चा वेग १ व्होल्ट आहे, टीएल०७२ चा १३. बैलगाडीच्या रस्त्यावर दोन्ही मोटारी सारख्याच धावतात. रॅट या दुसऱ्या डिस्टॉर्शन पेडलची गोष्ट वेगळी; तिथल्या एलएम३०८ चा वेग ०.३ व्होल्टच आहे, वर गेन भरमसाट, म्हणून चिपचा स्वभाव आवाजात उतरतो. टीएसमध्ये ‘विंटेज’ चिपसाठी जास्त पैसे मोजायला कुणी सांगितलं तर नमस्कार करून निघावं. ४५५८ म्हणजे असेंबल्ड अँप्लिफायरच्या बास-ट्रेबल बोर्डावरची चिप. सांगलीत अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही दुकानात ती डबाभर पडलेली असते.

दुसरा बदल टीएस९ ला टीएस८०८ (दोन्ही ट्यूब स्क्रीमरचीच मॉडेलं) करण्याचा, ज्याचा गवगवा सगळ्यात जास्त. शेवटच्या टप्प्यातले ४७० ओहम आणि १०० किलोओहम काढून १०० ओहम आणि १० किलोओहम लावायचे. पुढे १ मेगओहम इनपुटचा अँप असेल तर ४७० आणि १०० ओहममधला फरक कानाला कळण्याजोगा नाही. दोन रेझिस्टर, चार डाग, फळ शून्य.

आता डाग देण्याबद्दल, म्हणजे सोल्डरिंगबद्दल, कारण मॉड फसतात ते इथे. २५ वॅटचं साधं आयर्न, ६०/४० ची बारीक तार, आणि कुठलाही भाग काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो. जुना डाग नुसता तापवून पंप मारला की अर्धा कथील आतच राहतो आणि माणूस पाय ओढतो. त्या ओढीत पॅड (डागाखालची तांब्याची टिकली) उखडतो. आधी जुन्या डागावर थोडं नवं कथील घालावं, सगळं एकत्र वितळलं की पंप. एका जागी ३ सेकंद, नाही निघालं तर गार होऊ द्यावं. पॅड उखडलाच तर गोंद लावत बसू नये. भागाचा पाय वाकवून तांब्याच्या पट्टीवरच्या पुढच्या डागापर्यंत न्यावा आणि तिथे जोडावा. पत्र्याच्या कामातली आम्लाची फ्लक्स बोर्डाला लावू नये. पहिले काही दिवस छान वाजतं, मग हिरवं चढतं.

डायोड आणि कपॅसिटरच्या जागी आधी गोल पिनांचे सॉकेट बसवले. मिरजेत सतारीची जवारी लावणारा कारागीर घोडी जराशी घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा जराशी घासतो. घासलेलं परत चढत नाही, म्हणून हात सांभाळून. पेडलमध्ये सॉकेट असला की परतीची वाट मोकळी राहते, पण रीत तीच ठेवावी: एका वेळी एकच भाग, आणि त्यानंतर ऐकणं. चार भाग एकदम बदलले की बिघडवलं कोणी ते कळत नाही. झाकण उघडं ठेवून घरघर मोजू नये, कारण डबा हाच पडदा आहे. तो बंद केला की अर्धी घरघर जाते.

नवीन भाग लावून पेडल मुकं झालं तर गिटार बाजूला ठेवून मीटर घ्यावा. चिपच्या पिन ८ वर ९ व्होल्ट, ४ वर शून्य, आणि १, २, ३, ५, ६, ७ वर साधारण ४.५ हवेत. सगळीकडे शून्य असेल तर संशय अडॅप्टरवर. पेडलला अडॅप्टरच्या पिनच्या मध्ये ऋण लागतं. स्टेजवर अंधारात कीबोर्डवाल्याचा १२ व्होल्टचा, मध्ये धन असलेला अडॅप्टर घुसला की आतला संरक्षक डायोड शॉर्ट होतो, मग योग्य अडॅप्टर लावला तरी त्याचंच व्होल्टेज बसतं. त्या जागी नवा वन एन ४००१ डायोड लावावा, पट्टीची बाजू धनाकडे. पिन ८ ला ९ आणि बाकीकडे ४.५ नसेल, तर दोन १० किलोओहमच्या विभाजकापाशी कथिलाचा पूल शोधावा.

खर्चाचं म्हणाल तर या कामाला लागलेले भाग चहाच्या पैशांत येतात. ०.०६८ चा फिल्म कपॅसिटर आणि गोल पिनांचे सॉकेट इथे मिळाले नाहीत. पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवायचे तर भागांपेक्षा कुरिअर महाग पडतं, म्हणून चार-पाच जणांची यादी एकत्र करावी. नव्या, महाग पेडलला हात लावायचा तर वॉरंटी आणि पुढची विक्री दोन्हीवर पाणी सोडून लावावा. मागचं झाकण काढून आत तांदळाएवढे एसएमडी भाग दिसले तर तसंच बंद करावं. आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडून निघालेलं पेडल मॉडसाठी स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. कृष्णेचा गाळ पॉटमध्ये (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरमध्ये) आणि स्विचमध्ये बसतो, पट्ट्या आतून खाल्लेल्या असतात, आणि मग प्रत्येक खरखरीला मॉड जबाबदार की पूर, हे ठरत नाही.

ट्रू बायपासचा स्विच (पेडल बंद असताना गिटार थेट पुढच्या केबलला जोडणारा) आणून ठेवलाय, लावलेला नाही. केबलची धारिता मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. गिटारपासून पेडलपर्यंत ६ मीटर आणि पुढे अँपपर्यंत ६ मीटर असेल, तर ट्रू बायपासमध्ये दोन्हींचा भार पिकअपवरच येतो. ४ हेन्रीच्या हंबकरचा वरचा उठाव ३ किलोहर्ट्झवरून २.२ वर घसरतो. पेडलमधला सध्याचा बफर (पुढच्या केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारा टप्पा) हे होऊ देत नाही. साखळीत दुसरा बफर आला तरच हा स्विच बसेल, आणि तेव्हा इनपुटला १ मेगओहम ग्राउंडला द्यावा लागेल, नाहीतर प्रत्येक दाबाला ‘टप्’ वाजेल.

०.०६८ पक्का सोल्डर केलाय. एलईडी अजून सॉकेटातच आहेत. डबा स्टेजवर जाण्याआधी त्यांनाही डाग द्यायचाय, कारण बास ड्रमच्या धक्क्याने सॉकेटातला पाय सैल झाला तर ऐन गाण्यात पेडल भसकन ओरडतं.