ट्रकचा आवाज आणि पप्याचे प्रश्न

उपवनच्या रस्त्यावर रात्री बुलेटच्या पुंगळ्या वाजायच्या, तेव्हा गॅलरीत उभं राहून शिव्या घालणाऱ्यांत मी पहिला. तोच मी आता ह्यूस्टनमध्ये माझ्या फोर्ड एफ-150 पिकअप ट्रकचा एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर सोडणारा पाइप, बदलून बसलोय. बातमी ठाण्याला पोचली आणि वागळे इस्टेटला गॅरेज असलेल्या आतेभावाचा, पप्याचा फोन आला. "दादा, पॉवर किती वाढली?"

जवळजवळ नाही. मी बदललाय तो कॅट-बॅक, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा पाइप आणि आवाज दाबणारा मफलर. 400 च्या आसपास हॉर्सपॉवरच्या इंजिनात यामुळे पाच-दहा वाढले तरी पुष्कळ.

"पण पाइप जाड घेतला असशील ना?" इथेच सगळे फसतात. धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. एक ठोका वेगाने पुढे गेला की मागे दाब कमी होतो आणि पुढच्या सिलिंडरचा धूर आपोआप ओढला जातो. पाइप उगाच रुंद केला की वेग पडतो, ओढही जाते. शिवाय हा खेळ मुख्यतः इंजिनाला लागून असलेल्या हेडरमध्ये, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या नळ्यांत चालतो, मागे नाही. जाहिरातीत लिहितात परफॉर्मन्स, विकतात आवाज.

आणि आवाज मात्र काय आहे! माझ्या ट्रकसारख्या अमेरिकन व्ही-8 मध्ये, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडरच्या इंजिनात, क्रॅंक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बहुतेक वेळा क्रॉस-प्लेन, म्हणजे फुलीच्या आकाराचा असतो, त्यामुळे एकेका बाजूचे चार सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत. ती अडखळती गुरगुर तिथून येते.

हायवेला मात्र 1,800 आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला 1,800 फेरे, फेऱ्याला चार ठोके), म्हणजे सेकंदाला 120 ठोके, केबिन घुमायला लागते. बायकोने कानात बोळे घातले. मग पाइपला बाजूने एक बंद टोकाची, दोनेक हात लांब नळी जोडून घेतली. तिच्यातून परतणारी आवाजाची लाट उलटी होऊन येते आणि नेमकी तीच घुमघुम मारते. कन्व्हर्टरला हात लावला नाही. तो काढायला इथे केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

"इसुझू व्ही-क्रॉस पिकअपला असा आवाज येईल?" पप्याने विचारलं. चार सिलिंडरचं डिझेल, वर टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा; अर्धा आवाज टर्बोच गिळतो. आणि आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचा दंड 10,000 रुपयांपर्यंत जातो. गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हण, मी म्हटलं.

"दादा, गिऱ्हाईक नगरसेवकाचा भाचा आहे."