घाटासाठी ब्रेक वाढवताना: २८८ की ३१२?

माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांवर २५६ मिलिमीटरऐवजी २८८ मिलिमीटर व्यासाच्या व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) ब्रेक डिस्क बसवून झाल्या असून, ३१२ मिलिमीटरचा पर्याय मी विचारपूर्वक बाजूला ठेवला आहे. त्यामागचा हिशेब येथे मांडतो.

एकदाच कचकन थांबायचे असेल, तर मोठ्या डिस्कचा फारसा उपयोग नाही. मूळ ब्रेकही एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) जागे होईपर्यंत चाक आवळतात आणि त्यापुढचे अंतर टायरची पकड ठरवते. मोठी डिस्क लागते ती उष्णतेसाठी. माणसांसह १,२५० किलो भरणारी हॅचबॅक ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ४८० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तिचा तीन चतुर्थांश वाटा पुढच्या दोन डिस्कवर आला, तर पाच किलोची मूळ डिस्क ढोबळमानाने ८० अंशांनी तापते, तर ६.८ किलोची नवी डिस्क ६० अंशांच्या आत राहते. सिंहगडाच्या घाटात ५०० मीटर उंचीचा उतार धरला, तर तशा बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी ऊर्जा जिरवावी लागते, आणि वळणे जवळजवळ असल्याने डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. अर्थात यातला मोठा भार खालच्या गिअरमधल्या इंजिनानेच उचलायला हवा; न्यूट्रलवर उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर कसे अपघात होतात, हे पुणेकरांना ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. प्रत्येक डिस्कमागे वाढलेले १.८ किलो स्प्रिंगच्या खाली, म्हणजे चाकासोबत वरखाली होणाऱ्या भागात बसते. वर आलेल्या ड्रेनेजच्या झाकणावरून चाक उसळले की जड चाकाला परत रस्त्याला टेकवायला शॉक अॅब्सॉर्बरला अधिक झगडावे लागते, आणि तेवढा वेळ टायरवरचा दाब, म्हणजेच पकड, कमी होते. खराब रस्त्यावर ब्रेकचा जोर ज्या पकडीवर उभा आहे, तीच आपण अशी खर्ची घालतो.

तरीही २८८ मला परवडते, कारण ती माझ्या १५ इंची अलॉय चाकामध्ये मावते. ३१२ साठी १६ इंची चाक घ्यावे लागले असते, आणि खरा तोटा तिथे आहे. फिरणाऱ्या वस्तुमानाचा जडपणा त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे डिस्कवरचा एक किलो आणि दुप्पट त्रिज्येवरच्या रिमचा एक किलो यांत चौपट फरक पडतो.

डिस्कच्या आधी पॅड आणि ब्रेक ऑइल बदलले होते, आणि सर्वांनी हाच क्रम ठेवावा असे माझे ठाम मत आहे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडते. डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या मानकानुसार ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, मात्र ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. पावसाळ्याच्या पुण्यात जुने ऑइल ठेवून मोठी डिस्क लावणे व्यर्थ आहे.

कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन मूळ मापाचाच असून पॅड आता मोठ्या त्रिज्येवर दाबले जात असल्याने त्याच दाबाला पुढच्या ब्रेकचा जोर सुमारे १५ टक्क्यांनी वाढला आहे. मागचे ब्रेक त्या मानाने कमी काम करतात, म्हणून तिथे अधिक घर्षणाचे पॅड घालून तोल सावरण्याचे काम आता हाती घेतले आहे.