मूळ गावाच्या शोधात : न्यू ग्लॅरस ते ग्लारुस

लग्न होऊन विस्कॉन्सिनला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला होता : तुमचं मूळ गाव कुठलं? त्या म्हणाल्या, न्यू ग्लॅरस. आणि त्याआधी? स्वित्झर्लंड. यापुढचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदा मे महिन्यात आम्ही दोघी ते शोधून आलो. ज्यांना असाच शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. स्विस नोंदींमध्ये माणूस कुठे जन्मला यापेक्षा तो कुठल्या गावचा, याला जास्त महत्त्व. त्याला ते ब्यूर्गरओर्ट म्हणतात. ते पूर्वी वडिलांकडून मुलांकडे यायचं, आणि आजही स्विस पासपोर्टवर जन्मगावाऐवजी तेच छापलेलं असतं. म्हणजे आपलं 'मूळ गाव'च, फक्त कायद्याने धरलेलं. आमच्या माहेरची नामावळी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आहे. तिथेही वही काढण्याआधी गाव आणि आडनाव विचारतात. इथेही तसंच. गाव कळलं नाही तर विमानाचं तिकीट काढू नका.

आम्हाला ते गाव घराजवळच सापडलं. 1845 मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारुस कॅन्टनमधून, म्हणजे प्रांतातून, 193 माणसं निघाली होती. पिकं बुडाली होती, यंत्रं आल्यामुळे हातमागाचं काम गेलं होतं आणि जमीन आधीच कमी. लिंथ कालव्यातून होड्या, मग ऱ्हाईन, मग बाल्टिमोरपर्यंत जहाज, पुढे ओहायो आणि मिसिसिपी. ऑगस्टमध्ये न्यू ग्लॅरसच्या जागी पोचले ते 108 जण. त्यानंतर अनेक वर्षं माणसं येत राहिली, आमचे पूर्वज त्यांतलेच. गावच्या चर्चमधल्या जुन्या दफननोंदींत सासूबाईंच्या खापरपणजोबांच्या नावापुढे बारीक अक्षरात एक शब्द होता : मात्त. घरच्या बायबलवर, थडग्यावर, जनगणनेत, सगळीकडे नुसतं 'स्वित्झर्लंड' होतं. म्हणून आधी अमेरिकेतली चर्चची वही पाहा. धर्मगुरू त्याच मुलखातला असला की तो गाव लिहितोच.

आडनाव माहीत आहे पण गाव नाही, अशांसाठी स्विस आडनावांची एक सूची ऑनलाइन मोफत आहे. कुठलं आडनाव कुठल्या गावचं, हे तिच्यात दिलेलं आहे. फक्त अमेरिकेत बदललेलं स्पेलिंग आधी मूळ रूपात न्या. तुमचं घराणं बर्नचं असेल तर नशीबवान आहात, तिथल्या सरकारी अभिलेखागाराने चर्चच्या वह्या ऑनलाइन ठेवल्या आहेत.

झुरिकहून ग्लारुसला थेट लोकल जाते, साधारण तासाभरात. स्टेशनबाहेर पडलं की ग्लार्निशचा कडा अंगावर आल्यासारखा उभा असतो. तिथल्या लांडेसआर्किव्हला, म्हणजे कॅन्टनच्या अभिलेखागाराला, आम्ही महिनाभर आधी जर्मनमध्ये ईमेल केला होता. गाव, नावं, अंदाजे साल, एवढंच. पोचलो तेव्हा टेबलावर खंड काढून ठेवलेला होता.

ग्लारुसवाल्यांची पुण्याई अशी की योहान याकोब कुब्ली-म्युलर नावाच्या माणसाने चर्चच्या वह्या खणून अख्ख्या कॅन्टनमधल्या घराण्यांच्या वंशावळी हाताने लिहून ठेवल्या आहेत. तीसहून अधिक खंड, गावागावाप्रमाणे लावलेले. त्याच्या नावातली ती जोडरेघही समजून घ्या. पहिलं नवऱ्याचं आडनाव, दुसरं बायकोच्या माहेरचं. याचा फार उपयोग होतो, कारण एका गावात एकाच वेळी पाच-पाच फ्रिडोलिन असतात. संत फ्रिडोलिन हा कॅन्टनचा रक्षक, ध्वजावरही तोच. आपला फ्रिडोलिन कुठला हे बायकोच्या माहेरच्या आडनावावरूनच ठरतं.

माझी एक चूक तुम्ही करू नका. बाप्तिस्म्याची तारीख '9ber' अशी होती. नववा महिना म्हणून मी सप्टेंबर धरला आणि अर्धा दिवस मेळ बसेना. तिथल्या बाईंनी शांतपणे त्या नऊवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, नोव्हेंबर. लॅटिनमध्ये नोव्हेम म्हणजे नऊ, आपलं नव. तसंच सात म्हणजे सप्टेंबर, आठ म्हणजे ऑक्टोबर, दहा म्हणजे डिसेंबर. संस्कृतचे सप्त, अष्ट, नव, दश आठवले की विसरायला होत नाही. जुनी जर्मन लिपी मात्र घरूनच थोडी गिरवून जा. आधी स्वतःचं आडनाव त्या वळणात लिहायला शिका, मग पानावर ते आपोआप दिसू लागतं. जवळ पेन्सिल ठेवा, फोटोची परवानगी आधी विचारा. 1876 पासून नोंदी चर्चकडून सरकारी नोंदणीकडे गेल्या. त्यांतल्या अलीकडच्या पाहायच्या तर परवानगी लागते, तो वेळ हाताशी धरा.

दुपारी एका दुकानात लाल रुमाल दिसला आणि मी थांबलेच. त्यावर कोयरी होती, आपली पैठणीवरची कोयरी! हिंदुस्थानी छिटांच्या नकलेतून युरोपात कापडछपाई सुरू झाली आणि ग्लारुसच्या गिरण्या त्यावरच एकेकाळी भरभराटल्या. सासूबाईंनी तो घेतला आणि तिथेच गळ्याला बांधला.

मात्तला जायला श्वांडेनहून बस मिळते, एल्मकडे जाणारी. नकाशात गाव शोधताना गोंधळू नका. 2011 पासून कॅन्टनमधल्या 25 गावपंचायतींच्या जागी तीनच आहेत, त्यामुळे मात्त आता ग्लारुस स्युडमध्ये मोडतं. जुन्या नोंदीत अर्थातच जुनंच नाव.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करून जा. स्वित्झर्लंडमध्ये थडगी वीस-पंचवीस वर्षांनी मोडून जागा पुन्हा वापरतात. मात्तच्या चर्चच्या अंगणात पूर्वजांपैकी कुणाचाच दगड नव्हता. मला आधी ठाऊक असतं तर सासूबाईंना सांगितलं असतं. न्यू ग्लॅरसच्या थडग्याचा फोटो त्या पर्समधून घेऊन आल्या होत्या. त्यांनी तो चर्चच्या भिंतीला टेकवून ठेवला आणि शेजारी गवतात बसल्या. मी वहीत उतरवलेली बाप्तिस्म्याची नोंद वाचून दाखवली. मूल, आई, बाप, मग धर्मपिता आणि धर्ममाता. धर्ममातेचं नाव त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. बार्बारा. त्यांच्या आईचं नाव, त्यांच्या आजीचंही.

खापरपणजीचं माहेर बिल्टनचं निघालं आहे. तो खंड पुढच्या खेपेला.