एक लॉग मॅक्रो, चार कंपायलर: लिनक्स ते 8051

एकच सी कोड लिनक्सवर, विंडोजवर आणि मायक्रोकंट्रोलरवर बिल्ड करायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय किंवा पडणार आहे, त्यांच्यासाठी हा वृत्तांत. आमच्याकडे मोजमाप करणाऱ्या एका उपकरणाचा कोड होता. फर्मवेअर आर्मच्या चिपवर, टेस्ट लिनक्सवर, ग्राहकाचं टूल विंडोजवर, आणि जुन्या 8051 (आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर) बोर्डलाही तोच प्रोटोकॉल हवा. या सगळ्यांत सामायिक हेडर एकच, लॉगचं. त्यातल्या एका मॅक्रोला (कंपाइल व्हायच्या आधी नावाच्या जागी मजकूर घालणाऱ्या ओळीला) एवढा प्रवास करावा लागला. (कोड इथे देवनागरीत मांडलाय, एडिटरमध्ये अर्थातच रोमन.)

निघताना ओळ अशी होती:

#डिफाइन लॉग(फॉर्मॅट, ...) प्रिंटएफ("[लॉग] " फॉर्मॅट, __व्हीए_आर्ग्ज__)

तीन टिंबं (हवी तेवढी आर्ग्युमेंट) आणि व्हीए-आर्ग्ज (तीच पुढे देणं) ही जोडगोळी सी99, म्हणजे सी भाषेच्या 1999 च्या मानकात आली. लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरकडे त्याच्या आधीपासून स्वतःची पद्धत होती: टिंबांआधी नाव द्यायचं, "आर्ग्ज..." असं. जुन्या कोडमध्ये ती अजून दिसते. दिसली तर वाचा, नव्याने लिहू नका.

लॉग("तापमान %डी", त) व्यवस्थित चालतं. लॉग("सुरू झालं") लिहिलं की गाडी अडते, कारण प्रीप्रोसेसर (कंपाइलच्या आधी मॅक्रो उलगडणारा टप्पा) त्याचं असं करून ठेवतो:

प्रिंटएफ("[लॉग] " "सुरू झालं", )

शेवटचा कॉमा लोंबकळत राहतो आणि सिंटॅक्स एरर येते. यात कंपायलरचा काही दोष नाही. टिंबांच्या जागी किमान एक आर्ग्युमेंट हवंच, असं सी99 च म्हणतं. लिनक्सवाल्यांचा ठरलेला उतारा म्हणजे कॉमानंतर दोन हॅश टाकायचे: ", ##__व्हीए_आर्ग्ज__". आर्ग्युमेंट नसलं की कॉमा गायब. जीसीसी आणि क्लँग (दुसरा मोफत कंपायलर) दोघांनाही हे कळतं, पण ही सोय मानकातली नाही, ग्नूची (जीसीसी ज्या प्रकल्पाचा आहे त्याची) आहे. पेडँटिक फ्लॅग (मानकाबाहेरचं काही दिसलं की सांगणारा) लावला की वॉर्निंग येते, आणि वॉर्निंगला एरर मानायची शिस्त असलेल्या टीममध्ये बिल्ड तिथेच थांबतं. शिवाय एक बारीक मेख आहे. टिंबांच्या आधी नाव असलेला एकही पॅरामीटर नसेल आणि जीसीसीला काटेकोर सी99 मोडमध्ये चालवलं असेल, तर तो कॉमा काढत नाही. ग्नू99 मोडमध्ये (सी99 अधिक ग्नूच्या सोयी) काढतो. फरक फक्त एका फ्लॅगचा, म्हणून शोधायला वेळ लागतो.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला असे मॅक्रो व्हिज्युअल स्टुडिओ 2005 पासून समजतात. त्याचा पारंपरिक प्रीप्रोसेसर दोन हॅश नसले तरी तो कॉमा स्वतःहून खातो. ऐकायला बरं वाटतं, पण विंडोजवर जन्मलेला कोड लिनक्सवर आणला की मोडतो तो याचमुळे. खरी गंमत मात्र एका मॅक्रोने दुसऱ्याला आर्ग्युमेंट द्यायची वेळ आली की होते:

#डिफाइन जोडी(अ, ब) अ + ब
#डिफाइन पाठव(...) जोडी(__व्हीए_आर्ग्ज__)

पाठव(1, 2) लिहिलं की जीसीसीत अ मध्ये 1 आणि ब मध्ये 2 जातो. मायक्रोसॉफ्टचा पारंपरिक प्रीप्रोसेसर "1, 2" हे अख्खं गाठोडं न सोडता अ च्या हातात ठेवतो आणि ब रिकामा राहतो. वर येते ती फक्त सी4003 वॉर्निंग, "आर्ग्युमेंट कमी पडली" अशी. शेकडो वॉर्निंग स्क्रोल होत असतील तर ती कोण बघतंय? उपाय म्हणजे एक फेरा वाढवायचा:

#डिफाइन उलगड(क्ष) क्ष
#डिफाइन पाठव(...) उलगड(जोडी(__व्हीए_आर्ग्ज__))

या जास्तीच्या फेऱ्यात आर्ग्युमेंट सुटी होतात. बाकीच्या कंपायलरना याचा त्रास नाही, म्हणून हे सरसकट लिहून टाकलं तरी चालतं. आर्ग्युमेंट मोजणारे करामती मॅक्रो नेटवरून उचलत असाल तर त्यांत हा फेरा आहे का ते आधी बघा. नसेल तर लेखकाने ते बहुधा विंडोजवर चालवून पाहिलेले नाहीत.

व्हिज्युअल स्टुडिओ 2019 च्या 16.5 आवृत्तीपासून मानकाप्रमाणे वागणारा नवा प्रीप्रोसेसर "/झेडसी:प्रीप्रोसेसर" या फ्लॅगने मिळतो. सी11 किंवा सी17 मोड मागितला तर तो आपोआपच चालू होतो. कोणता चालू आहे ते _एमएसव्हीसी_ट्रॅडिशनल या मॅक्रोवरून कळतं: 1 म्हणजे जुना, 0 म्हणजे नवा. फार जुन्या आवृत्त्यांत हा मॅक्रो नसतोच, तेव्हा "नाही" म्हणजेही जुना, असंच धरा. सी मानकाची आवृत्ती सांगणाऱ्या __एसटीडीसी_व्हर्जन__ वर इथे विसंबू नका. सी11 किंवा त्यापुढचा मोड मागितल्याशिवाय हा कंपायलर तो मॅक्रो देतच नाही, पण व्हेरिअ‍ॅडिक मॅक्रो (म्हणजे टिंबांचे) मात्र खुशाल चालवतो.

आर्मचा टप्पा सोपा गेला. आर्म कंपायलर 5 मुळात सी90 (सी99 च्या आधीचं मानक, सी89 म्हणजेही तेच) समजून चालतो, त्याला सी99 चा फ्लॅग द्यावा लागतो. आवृत्ती 6 क्लँगवरच बेतलेली आहे, त्यामुळे लिनक्सवर क्लँगने बिल्ड होत असेल तर इथे फारसं नवीन काही नाही.

आमचा 8051 चा कंपायलर सी89 वाला, त्याला टिंबांचे मॅक्रो माहीतच नाहीत. आपल्याकडे कॉलेजात टर्बो सीवर शिकलेल्यांना ही परिस्थिती ओळखीची वाटेल. तिथे दुहेरी कंसांची जुनी युक्ती कामाला येते:

#डिफाइन लॉग(सगळं) (लॉग_जागा(__फाइल__, __लाइन__), लॉग_लिही सगळं)

वापरताना लॉग(("तापमान %डी", त)) असे दोन कंस टाकायचे. आतला कंस आर्ग्युमेंटसकट एकच चीज म्हणून मॅक्रोत शिरतो आणि फंक्शनच्या नावापुढे जाऊन बसतो. लॉग_जागा फाइल आणि ओळ ग्लोबलमध्ये ठेवतं, त्यामुळे इंटरप्टमधून (चालू काम मध्येच थांबवून धावणाऱ्या कोडमधून) लॉग करायचं नाही, हा नियम पाळा. आणि __फाइल__ मध्ये बऱ्याचदा अख्खा पाथ येतो, तो चिपची फ्लॅश मेमरी खातो. आम्ही प्रत्येक फाइलला नंबर दिला आणि तोच पाठवला.

सी99 पासून पुढच्या सगळ्या ठिकाणी शेवटी जी ओळ टिकली ती ही:

#डिफाइन लॉग(...) लॉग_लिही(__फाइल__, __लाइन__, __व्हीए_आर्ग्ज__)

फॉर्मॅट वेगळा पॅरामीटर नाही, तोही टिंबांत. म्हणजे टिंबांत कायम एक तरी आर्ग्युमेंट असतं, कॉमा लोंबकळत नाही आणि हॅशची गरजच उरत नाही. "[लॉग] " हे मॅक्रोत चिकटवणं फॉर्मॅट थेट अवतरणातली स्ट्रिंग असेल तरच जमतं, त्यापेक्षा ते फंक्शनच्या आत करा: व्हीएसएनप्रिंटएफने एका बफरमध्ये पूर्ण ओळ तयार करा आणि एकदाच लिहा. नाहीतर दोन थ्रेडच्या ओळी एकमेकांत घुसतात. जीसीसी आणि क्लँगवर लॉग_लिहीला फॉर्मॅट अ‍ॅट्रिब्यूट (प्रिंटएफ, 3, 4) लावा, म्हणजे %डी ला स्ट्रिंग दिली तर कंपायलरच ओरडतो. माझ्या मते मॅक्रोने फाइल आणि ओळ गोळा करावी आणि बाजूला व्हावं. बाकी सगळं फंक्शनचं काम.

सी23 आणि सी++20 मध्ये __व्हीए_ऑप्ट__(,) आलंय: आर्ग्युमेंट असेल तरच कंसातला कॉमा उमटतो. जीसीसी 8 पासून, क्लँग 12 पासून सगळ्या मोडमध्ये, आणि मायक्रोसॉफ्टच्या नव्या प्रीप्रोसेसरमध्ये ते आहे. नुसता डेस्कटॉपचा कोड असेल तर बिनधास्त वापरा. जुनी चिप सांभाळायची असेल तर वरचीच ओळ बरी.

अडलात तर मॅक्रोकडे टक लावून बसू नका, उलगडलेला कोड बघा. जीसीसी आणि क्लँगला "-ई" द्या, मायक्रोसॉफ्टला "/पी", तो आय एक्स्टेन्शनची फाइल टाकतो. लॉगच्या कंसात मध्येच इफडेफ (अटीवर कोड ठेवणारं किंवा गाळणारं डायरेक्टिव्ह) घालायचा मोह टाळा. मॅक्रोच्या आर्ग्युमेंटमध्ये डायरेक्टिव्ह आलं तर काय व्हावं हे मानकाने ठरवलेलंच नाही, आणि कंपायलर आपापल्या मनाने वागतात.

रिलीजमध्ये लॉग बंद करताना मॅक्रो रिकामा ठेवू नका. आतले व्हेरिएबल कुणी बदलले तरी मग कळत नाही. "#डिफाइन लॉग(...) इफ (1) {} एल्स लॉग_लिही(__फाइल__, __लाइन__, __व्हीए_आर्ग्ज__)" असं डेफिनिशन ठेवा. आर्ग्युमेंट कंपाइल होत राहतात, चालत नाहीत, ऑप्टिमायझर ती काढून टाकतो. 8051 वर टिंबं चालत नाहीत. तेवढ्यासाठी त्या बोर्डच्या हेडरमध्ये "#डिफाइन लॉग(सगळं) इफ (1) {} एल्स लॉग_लिही सगळं" असं वेगळं लिहा.