अडगावची लढाई, नॉटिंगहॅमच्या टेबलावर

नॉटिंगहॅम म्हटलं की आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना ट्रेंट ब्रिज आठवतं, बाकीच्यांना रॉबिन हूड. आणखी एक जमात आहे, तिची मात्र ही पंढरी. अंगठ्याच्या पेराएवढे शिपाई विकत घ्यायचे, एकेक करून रंगवायचे आणि पुरेसे जमले की मोजपट्टी नि फासे घेऊन टेबलावर जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, असा छंद असलेली ही माणसं. काल्पनिक सैन्यं बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय इथलं. ऐतिहासिक सैन्यं बनवणाऱ्या वॉरलॉर्ड गेम्स आणि पेरी मिनिएचर्स या कंपन्याही इथल्याच. पूर्वी हे शिपाई शिशाच्या मिश्रधातूत ओतायचे, म्हणून छंदवाले या भागाला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. आता बरेचसे कडक प्लास्टिकचे येतात.

‘तिकडं सुटीच्या दिवशी करता तरी काय?’ असं गावाकडून सगळेच विचारतात. मी शिपाई रंगवते. हे सांगितलं की फोनवर जरा वेळ शांतता पसरते.

मी मूळची अकोट तालुक्यातली. इथे एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. सोबतच्या एकानं मला त्यांच्या क्लबात नेलं. चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ भरतो. बहुतेक सगळे निवृत्त पुरुष, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शेजारी चहाचा थर्मास. एका आजोबांनी गाव विचारलं. अकोला, अकोट यातून त्यांना काही बोध होईना. आमची सोयरीक अडगावला आहे, म्हणून सहज तेही नाव घेतलं, तर गृहस्थ खुर्चीत ताठ बसले. २९ नोव्हेंबर १८०३, कोणती पलटण उजवीकडे, कोणती डावीकडे, सगळं घडाघडा! माझ्या शाळेच्या पुस्तकात त्या सालाला जेमतेम दोन ओळी होत्या आणि त्यात अडगाव नव्हतं. जिथल्या लग्नात मी पंगतीत वाढलं, त्या गावाची लढाई मला एका इंग्रज म्हाताऱ्यानं सांगितली. राग आला म्हणावं तर तसंही नाही, पण काहीतरी टोचलं खरं.

ज्यांना माझ्यासारखीच ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध चालू होतं, असईच्या लढाईत वेल्स्लीनं मराठ्यांना हरवलं त्याला दोन महिने झाले होते. नागपूरकर दुसऱ्या राघोजी भोसल्यांचं पायदळ आणि तोफखाना, पायदळावर त्यांचे बंधू मन्याबापू, आणि सोबतीला शिंद्यांचं घोडदळ. समोर आर्थर वेल्स्ली, पुढे वॉटर्लू जिंकणारा तो वेलिंग्टन, त्याच्यासोबत कर्नल स्टीव्हन्सनची फौज, मिळून अकरा हजारांच्या आसपास. मराठ्यांच्या पाठीशी अडगाव, त्याच्या बागा आणि कुंपणं. पुढे नाल्यांनी कापलेलं मैदान. फळी पाच मैल लांब. उन्हं कलल्यावर तोफा सुरू झाल्या आणि त्या नुसत्या माऱ्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या तीन देशी शिपायांच्या पलटणी उधळल्या. याच पलटणी असईला पाय रोवून उभ्या होत्या. वेल्स्लीनं स्वतः जाऊन त्यांना सावरून परत रांगेत आणलं. त्यानंतर मात्र आपली फळी मोडली, घोडदळानं चांदण्यात पाठलाग केला आणि ३८ तोफा गेल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. शिंद्यांचा तह ३० तारखेला सुर्जी-अंजनगावला. हा सगळा टापू मोटरसायकलवर एका दिवसात फिरून होईल एवढा आहे.

क्लबात इंग्रज पलटणी ढीगभर होत्या, स्कॉटलंडचे हायलँडर्ससुद्धा. मराठे कुणाकडेच नव्हते. कारण उघड आहे: रंगवायला किचकट आणि शेवटी हरायचं. म्हटलं, मराठे मी करते.

पहिला पेच मापाचा. दुकानात सर्रास मिळतो तो शिपाई २८ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण एकसाष्टांश. त्याच मापानं पाच मैलांची फळी मांडायची तर टेबल सव्वाशे मीटरच्या पुढे जातं. क्लबचं टेबल सहा फुटी. त्यात पाच मैल बसवले तर एक इंच म्हणजे सव्वाशे यार्डांच्या आसपास, आणि त्या काळच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपुढे धरवत नसे. म्हणजे गोळी टेबलावर इंचभरही जाणार नाही! म्हणून खेळात माणसाचं माप वेगळं, जमिनीचं वेगळं, आणि एक शिपाई म्हणजे चाळीस-पन्नास असं धरून चालतात. मोठ्या लढायांसाठी सहा किंवा दहा मिलिमीटरचे शिपाई मिळतात आणि शहाणी माणसं तेच घेतात. मला चेहरे हवे होते, म्हणून मी २८ चेच घेतले आणि अख्ख्या लढाईऐवजी मधला तुकडा मांडायचं ठरवलं. प्लास्टिकचं तीस-चाळीस शिपायांचं खोकं तीन हजार रुपयांच्या घरात जातं. धातूचे सुटे त्याहून महाग. आईला हा आकडा अजून सांगितलेला नाही.

रंगवायचं कसं, ते जरा सावकाश सांगते, कारण खरा वेळ तिथेच जातो. शिपाई जुन्या औषधाच्या बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे बोट त्याला लागत नाही. आधी अस्तराचा फवारा. मग अ‍ॅक्रिलिक रंग, पाण्यानं पातळ केलेले, एका जाड थराऐवजी दोन पातळ. सगळ्यात छळणारा रंग पांढरा, आणि आपलं सैन्य तर धोतर-अंगरख्यातलं. थेट पांढरा लावला की खडूसारखा उठतो. म्हणून सुरुवात मळकट बदामी रंगानं. त्यावर तपकिरी पाणी सोडायचं, ते आपोआप चुण्यांत जाऊन बसतं. वाळलं की चुण्यांच्या फक्त उंच कडांवर हस्तिदंती रंग, आणि अगदी शेवटी गुडघ्यावर नि खांद्यावर एकेक रेघ शुद्ध पांढऱ्याची. काळ्या मातीत राबणाऱ्या माणसाचं धोतर चार धुण्यांनंतर ज्या रंगाचं होतं, तोच रंग येतो. क्लबातल्या एकानं सुचवलं की जरा झगझगीत कर, पूर्वेकडची फौज आहे. मी हसून विषय बदलला.

बैलांनी फार दमवलं. तोफा ओढायला बैलजोड्या लागतात. मी मागवलेल्या साच्यातल्या बैलांना वशिंडच नव्हतं, पाठ सरळसोट. मग निळी नि पिवळी अशा दोन पट्ट्यांची पुट्टी येते, मळली की हिरवी होते आणि रात्रीतून दगड बनते, ती घेतली. ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी गोळी, ओल्या सुईनं दाबून बसवली, पुढे मानेकडे जरा झुकती. गळ्याखाली पोळीही ओढली. रंग दिला गवळाऊचा, पांढरा, मानेवर राखी झाक. वर्ध्याकडची ही जात चपळ, मराठ्यांच्या फौजेत ओझ्याला असायची असं म्हणतात, म्हणजे भोसल्यांच्या तोफेला शोभून दिसते. माझं आजोळ वर्ध्याचं. तिथे तान्ह्या पोळ्याला आम्ही लाकडी बैल सजवून घरोघर न्यायचो. तो सण याच दुसऱ्या राघोजींनी सुरू केला असं सांगतात. हरलेल्या राजाची आठवण पोरांच्या लाकडी बैलांत टिकली, लढाईत नाही. इथल्या लोकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या बैलांचे फोटो काढून घेतले.

नियमांवरून एकदा खडाजंगी झाली. अशा खेळात प्रत्येक तुकडीला दर्जा असतो, फासा किती पडला की ती टिकेल किंवा पळेल ते त्यावर ठरतं. आमच्या नियमावलीत मराठे सरसकट खालच्या दर्जाचे, गोलंदाजांसकट. मी म्हटलं, असईला वेल्स्लीचे पंधराशेवर मेले-जखमी झाले ते कुणामुळे? अडगावला तीन पलटणी कशानं उधळल्या? बराच वेळ पुस्तकं उघडली-मिटली गेली. शेवटी गोलंदाजांना वरचा दर्जा मिळाला आणि कंपनीच्या त्या तीन पलटणींना पहिल्याच माऱ्याला पळण्याची परीक्षा लागली. पायदळाचा दर्जा मात्र मी वाढवून मागितला नाही. त्या दिवशी ते टिकलं नाही, हे खरंच आहे. इंग्रजांचे साडेतीनशेच्या आसपासच मेले-जखमी झाले, यातच सगळं आलं.

गेल्या दिवाळीत गावी येताना सगळी फौज फोमच्या खोक्यात भरून आणली. ओसरीवर दोन बाजा जोडल्या, वर प्लायवूड, त्यावर काळपट तपकिरी रंगवलेलं जाड कापड. काथ्याचं पायपुसणं कापून उभ्या पिकाच्या पट्ट्या केल्या. नॉटिंगहॅमच्या क्लबात हिरवंगार गवत पसरतात, ते मला आमच्या शिवारावर बघवत नाही. बाबा हे सगळं सुपारी कातरत पाहत होते. आधी बैल उचलून पाहिला. वशिंडावरून बोट फिरवलं, काही बोलले नाहीत, ठेवून दिला. म्हणजे पास. मग नाल्याकडे वळले. ज्या छापील नकाशावरून मांडणी केली होती, त्यात नाला आडवा होता, पूर्व-पश्चिम.

‘हा नाला असा कसा वं? पानी सातपुड्यातून येते न पुर्णेले जाते. वरून खाली. हा आडवा कुठं चालला, सोयऱ्याकडे?’

नाल्याची निळी पट्टी त्यांनीच उचलून उत्तर-दक्षिण ठेवली. मग दादानं अडगाव-सिरसोलीकडचे नाले मोबाईलवर उपग्रहाच्या नकाशात काढून दाखवले. खरंच, सगळे उतरतीला धरून. मांडणीचा अर्थच फिरला. आडवा नाला म्हणजे इंग्रजांपुढचा खंदक. उभा नाला म्हणजे आपलीच फळी तुकड्या-तुकड्यांत कापलेली, एका टोकाची मदत दुसऱ्या टोकाला जाणं मुश्कील. पाच मैलांची फळी एवढ्या लवकर कशी मोडली, याचं थोडं उत्तर मला त्या निळ्या पट्टीत दिसलं. हे माझं मत, इतिहासकारांचं नव्हे.

बाबांचा दुसरा प्रश्न नियमावलीत कुठेच नव्हता. ‘इतल्या घोड्याइले पानी कुठलं पाजलं?’

पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा. विहीर खणली तर खारं पाणी. सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकलं की गोडं लागतं. हजारोंनी घोडे, बैल, वर माणसं. एवढी फौज गावाला, बागांना पाठ लावून का उभी राहिली असेल, याचा विचार मी पुस्तकं वाचताना केला नव्हता. बागा आहेत तिथे गोडी विहीर असणारच, असं बाबा म्हणाले आणि परत सुपारीकडे वळले.

मग खेळलो. पुतण्या वेल्स्ली, बाबा मन्याबापू, फासे आणि पट्टी माझ्याकडे. दारात शेजारची चार पोरं, त्यांचा सगळा ओढा भगव्याकडे. बाबांनी तोफा माझ्या मांडणीपेक्षा मागे, कापडाखाली घडी घालून केलेल्या चढावर घेतल्या (‘खालच्या अंगानं तोफ कोनी ठेवते?’). कंपनीच्या तिन्ही पलटणी पळाल्या, दारातून आरोळी उठली. पुतण्यानं फासा टाकला, सहा पडला, वेल्स्लीनं त्यांना सावरलं. बाबांचा चेहरा पडला तो पाहण्यासारखा होता. शेवटी मन्याबापू हरलेच, पण तोफा ३८ च्या हिशेबानं निम्म्याहून जास्त वाचवून मागे नेल्या, गवळाऊ जोडून. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा बाबा तिला समजावत होते की ही हार नव्हे, माघार आहे.

परत आल्यावर पाण्याचा नियम क्लबात मांडला: विहिरीपासून ठरावीक अंतरापलीकडे गेलेल्या घोडदळाचा वेग प्रत्येक फेरीला घटत जातो. तो आता आमच्याकडे वाळवंटातल्या लढायांनाही लावतात. आजोबांनी बाबांचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.

पुढचा बेत गाविलगडाचा. कॅप्टन कॅम्पबेल ९४ व्या पलटणीची माणसं घेऊन शिड्यांवरून आतल्या तटावर चढला, तो भाग करायचा आहे. थर्माकोलचा तट पुतण्या गावीच बनवतोय, दिल्ली दरवाजाची कमान त्यानं कापलीसुद्धा. बाबांचं म्हणणं, शिडी केवढी लागेल ते अंदाजानं ठरवू नका, तटावरून दोरी सोडून मोजा. पाऊस उघडला की दादा गडाजवळच्या चिखलदऱ्याला जाणार आहे. दोरी सोडू देतील की नाही, ते तिथे गेल्यावरच कळेल.