संखेड्याचा झोपाळा आणि चुन्याची भिंत : बैठकीच्या कामाची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत मी बैठकीसाठी नवा सोफा घेण्याचा विचार लिहिला होता. तो विचार आता सोडून दिला आहे. ठरवलेल्या ८,००० रुपयांत सोफा बसत नव्हता, हे एक कारण. पण खरे कारण असे की, ज्या वस्तूला मी पंधरा वर्षे नजरेआड ठेवले होते, तीच आता मला बैठकीत हवीशी वाटू लागली आहे. ती वस्तू म्हणजे सासूबाईंचा संखेड्याचा झोपाळा.

लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा मला सरळ रेषांचे, गुळगुळीत सनमायकाचे सामान आवडत असे. लाल-सोनेरी नक्षीचा तो झोपाळा मला भडक वाटला आणि तो वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होते. सनमायकाखालचे भुशाचे लाकूड फुगले आणि कपाट व बैठकीचे सामान दोन्ही टाकून द्यावे लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, झोपाळा खाली आण, बसायला तरी काही होईल." रोज त्यावर बसता बसता त्याच्या कातलेल्या खांबांकडे माझे प्रथमच नीट लक्ष गेले.

संखेडा बडोद्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. तेथील खरादी, म्हणजे लाकूड कातणारे, कारागीर सागवान चरकावर (लेथवर) कातून घेतात. पारंपरिक पद्धतीत कथलापासून केलेल्या रुपेरी रंगाने बारीक कुंचल्याने नक्षी काढतात, मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरतात आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळलेली लाख केवड्याच्या पानाने सारखी पसरवतात. नक्षीचा सोनेरीपणा सोन्याचा नसून, पारदर्शक लाखेतून दिसणाऱ्या कथलाचा असतो. ही रचना समजल्याशिवाय अशा सामानाची डागडुजी कोणीही हाती घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी आसनाच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा एकदाच फिरवून पाहिला आणि रंग लगेच कापसावर उतरला. हीच चाचणी दर्शनी खांबावर केली असती, तर ती नक्षी मला परत मिळाली नसती. पॉलिश पेपरही वर्ज्य समजावा, कारण लाखेचा आणि कथलाचा थर अगदी पातळ असतो. मी केवळ मऊ ब्रशने खाचांतील धूळ काढली, सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसले, लगेच कोरडे केले आणि शेवटी मेणाचा अगदी हलका हात दिला. या एवढ्याशा कामाला तीन रविवार लागले. खांबांवरचे दोन कळस तुटले होते. ते संखेड्याच्या एका कारागिराकडून ९०० रुपयांत जुन्या मापाने कातून, रंगवून आणले.

झोपाळा स्वच्छ झाल्यावरही बैठकीत तो उपराच दिसत होता. दोष त्याच्यामागच्या गर्द मरून भिंतीचा होता. ती भिंत मी पुरानंतर घाईने प्लॅस्टिक रंगाने रंगवून घेतली होती आणि पुढच्याच पावसाळ्यात तिच्यावर फुगे येऊन खाली लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, फुटला होता. ओल आत असताना वरून प्लॅस्टिक रंगाचा पडदा घातला की, बाहेर येऊ पाहणारे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार रंगाला ढकलून देतात. म्हणून या वेळी संपूर्ण रंग खरवडला, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला (तो पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात), भुसभुशीत झालेला गिलावा गवंड्याकडून चुन्यात करून घेतला आणि पूर्ण कोरडा उन्हाळा जाऊ दिला.

चुना देताना पहिल्यांदा माझाही हात चुकला. ओला असताना चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुढे पांढरा होत जातो. हे विसरून मी पहिला हात जाड दिला, आणि त्याचे पोपडे निघाले. तो भाग खरवडून, भिंत आधी पाण्याने ओलसर करून, दुधाइतक्या पातळ चुन्याचे चार हात एकेका दिवसाच्या अंतराने दिले. शेवटच्या दोन हातांत थोडी रामरज (पिवळी माती) आणि डिंकाचे पाणी मिसळले. रामरजेचा रंग वाळल्यावर पुष्कळ फिका होतो, त्यामुळे पुठ्ठ्यावर नव्हे, भिंतीच्याच कोपऱ्यात नमुना काढून दोन दिवस थांबावे. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच, चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

आता फिक्या, मातकट पिवळ्या भिंतीपुढे तोच लाल-सोनेरी झोपाळा शांत आणि भारदस्त दिसतो. खाली आणल्यावरही मला भडक वाटत होता तो रंग झोपाळ्याचा नव्हता, तर एकमेकांवर चढलेल्या दोन गर्द रंगांचा होता. जुनी वस्तू नावडू लागली, तर ती काढण्याआधी तिच्यामागची भिंत आणि तिच्यावर पडणारा प्रकाश बदलून पाहावा, हे मत मी आता ठामपणे मांडते. प्रकाशाचा बदल तर सर्वांत स्वस्त आहे : ६५०० केल्व्हिनचे निळसर पांढरे दिवे काढून २७०० केल्व्हिनचे पिवळसर लावले, आणि लाखेखालचे कथील संध्याकाळी खरोखर उजळले.

पडद्यांसाठी कापड विकत घेतले नाही. सासूबाईंच्या एका जुन्या सुती नऊवारीची, म्हणजे सुमारे ८.२ मीटर लांबीची, तीन सारखी पाती निघाली. दुमड जाऊन प्रत्येक सुमारे २.४ मीटर भरली. काठ खाली यावा म्हणून साडी आडवी लावण्याचा मोह टाळला, कारण विरलेले सूत उभे टांगल्यावर जास्त टिकते, असे शिंपीकाकांनी सांगितले.

आजवरचा खर्च असा : गिलावा २,४००, चुना, कुंचे व इतर साहित्य १,१५०, कळस ९००, पडद्यांची शिलाई व कड्या ६८०, दिवे ४२०, मेण व फडकी ३५०, एकूण ५,९०० रुपये. उरलेल्या २,१०० रुपयांतून झोपाळ्याची गादी पिंजून घ्यायची आहे. जुना कापूस चांगला आहे, केवळ गठ्ठे झाले आहेत. पिंजारी पुढच्या आठवड्यात येणार आहेत, आणि खोळीसाठी सासूबाईंनी आणखी एक पातळ बाजूला काढून ठेवले आहे.