बाईंच्या डब्यातली चिठ्ठी

सुवर्णमहोत्सव समितीचे पत्र घरी आले तेव्हा मी शेतात होतो. पत्नीने फोनवर वाचून दाखवले. 'शाळेने आपल्याला काय दिले याविषयी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहावीत.' रात्री वही घेऊन बसलो. वाटले होते, सगळी शाळा डोळ्यांपुढे येईल. आल्या त्या फक्त बाई. गणिताच्या सरांचे माझ्यावर ऋण आहे, पी.टी.च्या सरांचे तर फारच आहे, त्यांनी मला क्षमा करावी. ही दोन पाने बाईंची.

आमच्या वेळच्या मुलांना बाई म्हणजे कोण ते सांगायला नको. हायस्कुलात इतर शिक्षिकांना आम्ही 'टीचर' म्हणायचो, एकट्या त्यांनाच 'बाई'. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, लग्न होऊन गोव्यात आलेल्या. आठवी ते दहावी जीवशास्त्र शिकवायच्या. पावसाळ्यात कदंबा बस उशिरा आली की अर्धी साडी भिजलेली असायची, पण तास चुकवल्याचे मला आठवत नाही.

आजच्या मुलांना कदाचित पटणार नाही, पण आम्ही त्या वर्गात मुकी मुले होतो. घरी कोकणी, चौथीपर्यंत सरकारी शाळेत मराठी आणि पाचवीत पाऊल टाकले की सगळे विषय इंग्रजीत. चौथीत उत्तर द्यायला बाकावर उभी राहणारी मुले पाचवीपासून मान खाली घालून बसू लागली. मीही त्यांतलाच. आठवीत बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे आपला. ऑर्निथॉलॉजी, पक्षिशास्त्र. एंटोमॉलॉजी, कीटकशास्त्र. मायकॉलॉजी, कवकशास्त्र. पॅलिओबॉटनी, पुरावनस्पतिशास्त्र. मग खडू खाली ठेवून म्हणाल्या, "भियेनाकात. शेवटी 'लॉजी' दिसले की समजायचे, कुणीतरी माणूस या एका गोष्टीपाशी जन्मभर बसला होता." ती रेघ तीन वर्षे फळ्यावरून हलली नाही. दुसऱ्या तासाचे शिक्षक फळा पुसायचे, बाई आल्या की पहिली तीच मारायच्या.

परीक्षेत 'जोड्या लावा' हमखास असे. एका बाजूला शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला शाखा. मेंडेल आनुवंशिकी, लिनियस वर्गीकरण, बिरबल साहनी पुरावनस्पतिशास्त्र. पाठ केले की गुण मिळत. बाईंना हे पाठांतर सहन होत नसे. का होत नसे, ते आम्हाला १९८७ च्या जूनमध्ये कळले.

गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. शाळा नुकती सुरू झाली होती, आम्ही नववीत होतो. २० जूनला मुंबईत पक्षितज्ज्ञ सलीम अली गेले. बाई वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन वर्गात आल्या. शोकसभेचे काही बोलल्या नाहीत. विचारले, "सुगरणीचे घरटे कोण बांधते?" आम्ही एका सुरात म्हणालो, सुगरण. खिडकीतून दिसणाऱ्या माडाच्या चुडतांना सात-आठ घरटी लोंबत होती, त्यात विचारायचे काय? बाई म्हणाल्या, "नर बांधतो. अर्धे घरटे विणून झाले की मादी बघायला येते. पसंत पडले तर राहते, नाही तर निघून जाते. १९३० साली अलिबागजवळ कीहीमला या माणसाने घरट्यांवर पहारा ठेवून हे पाहिले. ती घरात राहायला आली की नर दुसरे घरटे विणायला घेतो, हेही त्यांनीच पाहिले."

वर्गात कुणी हलले नाही. आपल्या भाषेने जिला सुगरण केले, ते काम मुळात तिचे नव्हतेच! मधल्या सुट्टीत आम्ही सगळे त्या माडाखाली पावसात मान वर करून उभे होतो. दुसऱ्या वर्षी चोडणला मांडवीकाठच्या खारफुटीत सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य झाले, तेव्हा आमच्या वर्गाला ते घरच्या माणसाचे वाटले होते.

त्याच आठवड्यात बाईंनी आपल्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या आणल्या. एका चिठ्ठीवर एक नाव आणि एक शाखा. प्रत्येकाने एक उचलायची आणि वर्षभर ते नाव सांभाळायचे. मला सलीम अली हवे होते. मी उघडली तर, 'एम. ओ. पी. अय्यंगार, शैवालशास्त्र'. हे नाव पुस्तकातही नव्हते. शेजारच्याला मेंडेल मिळाला, पुढच्या बाकावर पाश्चर गेला आणि माझ्या वाट्याला शेवाळ! मी काही बोललो नाही, पण तोंडावर दिसले असणार.

शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन देवळामागच्या तळीवर गेल्या. पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. पदर खोचून त्या तिसऱ्या पायरीवर बसल्या आणि पाण्यावर तरंगणारा हिरवा पुंजका हॉर्लिक्सच्या बाटलीत घेतला. "झाकण घट्ट लावू नको. खिडकीत उजेडाला ठेव." शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, पितळी नळीचा, खाली फिरता आरसा असलेला. त्याला ऊन लागे आणि ऊन दोन दिवस पडलेच नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ढग फाटले तशा बाई स्टाफरूममधून धावत आल्या. हो, धावत. काचपट्टीवर एक थेंब आणि केसापेक्षा बारीक असा एक हिरवा धागा ठेवला, आरसा खिडकीकडे फिरवला आणि मला म्हणाल्या, "पळय." म्हणजे बघ.

आधी नुसता पांढरा उजेड दिसला, मग स्वतःच्याच पापण्या. बाईंनी माझ्या खांद्यावरून हात घालून चाक किंचित फिरवले आणि ते दिसले. काचेची असावी अशी स्वच्छ नळी, तिला मधून मधून आडवे पडदे आणि आतून वळसे घेत गेलेली हिरवीगार फीत. नववधूच्या हातातला चुडा कुणी नळीत भरून ठेवावा तशी. "स्पायरोगायरा," बाई म्हणाल्या. "फीत दिसते ना, तिथे अन्न तयार होते. तळीतली सगळी घाण म्हणतात ती हीच." ढग पुन्हा भरून आले आणि सगळे काळोखले. दोन मिनिटेही झाली नसतील.

अय्यंगार मद्रासचे. भारतातल्या शैवालांच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. ओल्या मातीत वाढणारे एक शेवाळ त्यांनी शोधले आणि १९३२ साली त्याला लंडनच्या फ्रिट्श या शैवालतज्ज्ञाच्या नावावरून फ्रिट्शिएला नाव दिले. पाण्यातल्या वनस्पती जमिनीवर कशा आल्या याचा विचार करताना आजही हे शेवाळ दाखवतात. एवढी माहिती जमवायला बाईंना आणि मला दिवाळी उजाडली.

इतरांच्या चिठ्ठ्यांनाही असाच कुठला ना कुठला गावातला धागा जोडून मिळाला. पुरावनस्पतिशास्त्राचे साहनी ज्या मुलीला आले, ती महिनाभर चिरेखाणीत जुन्या पानांचे दगडातले ठसे शोधत होती. बाईंनी तिला समजावले की आपला जांभा दगड खडक कुजून तयार होतो, त्यात ठसे टिकत नाहीत. साहनींनी लखनौला संस्था उभारायला घेतली, १९४९ च्या एप्रिलमध्ये तिची कोनशिला बसली आणि आठवड्यात ते गेले, हे सांगताना त्या मुलीचाच आवाज भरून आला. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल ज्या मुलाला आल्या त्याच्या घरी ऊस होता. अम्मल यांनी कोइंबतूरला उसाच्या पेशींतली गुणसूत्रे मोजली, हे ऐकल्यापासून तो ऊस सोलताना आधी निरखून पाहायचा.

एक प्रसंग मात्र लिहायलाच हवा. सहल पणजीला गेली होती. चर्चसमोरच्या बागेत बाईंनी आम्हाला गार्सिया द ओर्ताची गोष्ट सांगितली, कारण बाग त्याच्याच नावाची. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या वैद्यांना विचारून विचारून त्याने औषधी वनस्पतींवर संवादांच्या रूपात ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. मेल्यावर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्यावर खटला चालवला आणि १५८० साली त्याची हाडे उकरून जाळली. ते ऐकून सगळे गप्प झालो. आदल्याच दिवशी मी भिरंडीचे, म्हणजे कोकमाचे, शास्त्रीय नाव शिकलो होतो, गार्सिनिया इंडिका. मी ओरडलो, "बाई, भिरंडीला ह्याचेच नाव!" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. शोधून सांगते."

चाळीस मुलांसमोर 'मला माहीत नाही' म्हणणारे शिक्षक मी तोपर्यंत पाहिले नव्हते. आठ दिवसांनी त्या पणजीच्या वाचनालयातून उतरवून घेतलेला कागद घेऊन आल्या. नाव ओर्ताचे नव्हे. लिनियसने ते लॉरेंट गार्सिन या दुसऱ्याच निसर्गतज्ज्ञावरून दिले होते, तो डच कंपनीत वैद्य होता. "तू चुकलास, पण तू विचारलेस म्हणून मला कळले," असे म्हणून कागद माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे. घडीवर फाटला आहे.

आज मी भाताच्या वाणांवर काम करतो. आमचे घर खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, कडेचे. मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, फुटून खारे पाणी आत शिरले की कोरगूट हे भात सोडून काहीच उभे राहत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो. खारे पाणी सोसण्याचा गुण भाताच्या कुठल्या गुणसूत्रावर, नेमका कुठे बसला आहे, ते शोधणे हे माझे गेल्या बावीस वर्षांचे काम. चिखलातले निळे-हिरवे शेवाळ दिसले की अजूनही मी वाकतो. ते हवेतला नत्र धरून भाताला देते, हे पी. के. डे यांनी १९३९ सालीच दाखवले होते. आता त्याला शेवाळ न म्हणता जिवाणूंत धरतात, पण माझ्या तोंडातून शेवाळच जाते.

जनुकांचा नकाशा काढताना संगणक दरवेळी विचारतो, जनुकांमधले अंतर कोणत्या सूत्राने मोजू? पर्याय दोन, हॉल्डेन आणि कोसांबी. हे कोसांबी म्हणजे आपले दामोदर धर्मानंद, १९०७ साली गोव्यात कोसबें इथे जन्मलेले. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, ते मूळचे गणिती. १९४४ साली त्यांनी हे सूत्र मांडले आणि जगभरचे पैदासकार आजही ते वापरतात. पहिल्यांदा पडद्यावर ते नाव वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सांगावेसे वाटले ते एकाच माणसाला, आणि सांगायला मला पंधरा वर्षे लागली. याची खंत आहे.

समितीच्या पत्रानंतर मात्र गेलो. बाई म्हापशाला मुलीकडे असतात. दृष्टी अधू झाली आहे, माझा आवाज ओळखला. कोसांबींचे सांगितले तर ताठ बसल्या. "म्हणजे सांखवाळच्या धर्मानंदांचा मुलगा? आणि माझ्या डब्यात ती चिठ्ठी नव्हती!" मग कितीतरी वेळ त्या सूत्राबद्दल विचारत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "तळीत शेवाळ आहे का रे अजून?"

परवा जाऊन पाहिले. तळीला लाद्या बसल्या आहेत, पाणी स्वच्छ आहे, शेवाळ नाही. शाळेतही डोकावलो. पितळी सूक्ष्मदर्शक कार्यालयाबाहेर काचेच्या कपाटात ढालींच्या शेजारी ठेवला आहे, कपाटाला कुलूप आहे. मुलांना शेवाळ मोबाइलवर दाखवतात, असे समजले.

समितीला माझी एक विनंती आहे. महोत्सवाच्या दिवशी ते कपाट उघडावे. सूक्ष्मदर्शकाचा आरसा तडकलेला दिसला, नवा मी बसवून देईन, भिंगेही साफ करून घेईन. आमच्या खाजनातल्या पोंयीत, साचलेल्या पाण्यात, हवे तेवढे शेवाळ आहे. बाटली भरून मी सकाळी आठला शाळेत येतो. खिडकीजवळचे एक टेबल मात्र मोकळे ठेवावे. आणि बाईंना आणायला म्हापशाला गाडी पाठवावी.